नळाचे पाणी आणि मातीवाचूनची शेती

खिडकीत काचेच्या बाटलीत मनीप्लांटची फांदी खोचून ठेवलेली नाही असे घर आज शहरात विरळाच. आणि त्या बाटलीच्या आतल्या अंगाला, पाणी जेथवर भरलेले असते त्या रेषेवर, काही महिन्यांत जो पांढरा, खरखरीत थर धरतो, तो नखाने खरवडून पाहणारा मनुष्य त्याहूनही विरळ. पाणी उडून गेले, पाण्यात जे होते ते मागे राहिले, एवढाच त्या थराचा अर्थ. पण तो नीट उमगायला विद्वानांनाही पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले.

ब्रसेल्सचा व्हान हेल्माँट याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून त्यास ५ वर्षे केवळ पाणी घातले. अखेरीस झाड १६९ पौंडांवर गेले आणि माती मात्र अवघी २ औंस घटली, तेव्हा वनस्पतीचा देह सर्वस्वी पाण्याचाच घडतो असा निर्णय त्याने दिला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानला गेला.

त्या निर्णयास तराजू लावणारा गृहस्थ म्हणजे लंडनचा वैद्य जॉन वुडवर्ड. त्याने पुदिन्याच्या रोपांची मुळे काचेच्या कुप्यांत सोडली आणि निरनिराळ्या कुप्यांत निरनिराळे पाणी भरले: एकीत पावसाचे, एकीत थेम्स नदीचे, एकीत हाइड पार्कमधून नळीवाटे शहरात आणलेले, आणि एकीत तेच नळीचे पाणी, परंतु बागेतली दीड औंस माती कालवलेले. पावसाच्या पाण्यातले रोप २८ ग्रेनांवरून जेमतेम ४६ पर्यंत चढले; थेम्सच्या पाण्यातले २८ वरून ५४ झाले; हाइड पार्कच्या पाण्यातले ११० वरून २४९ वर पोहोचले; आणि माती कालवलेल्या पाण्यातले ९२ वरून थेट ३७६ वर गेले. पाणी जितके निर्मळ तितकी वाढ खुंटलेली, हे पाहून त्याने १६९९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले की वनस्पतीचे पोषण पाणी करीत नाही, पाण्याबरोबर येणारे पार्थिव द्रव्य करते. हवेचा वाटा त्याच्या काळी कोणासच ठाऊक नव्हता, म्हणून हा निष्कर्ष अर्धाच खरा. परंतु त्या अर्ध्या सत्यावरच पुढची सारी इमारत उभी आहे. मला त्याच्या कोष्टकातला आणखी एक आकडा फार मोलाचा वाटतो. हाइड पार्कच्या रोपाने १३९ ग्रेनांची भर घालण्यासाठी १३,१४० ग्रेन पाणी खर्च केले, म्हणजे सुमारे ९५ पट पाणी पानांवाटे उडवून दिले. या विद्येच्या आरंभीच्या कुप्यांपैकी एक अशी नळीच्या पाण्याने भरलेली होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

पुढे जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी १८६० च्या सुमारास त्या पार्थिव द्रव्याचे क्षार निवडून, मोजून, पाण्यात विरघळविण्याची सूत्रे बसविली. कॅलिफोर्नियात बर्कली येथे गेरिके याने त्यांवर २५ फूट उंच टोमॅटो चढविले आणि १९३७ मध्ये या शेतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे ग्रीक नाव दिले. त्याच विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन यांनी मात्र १९३८ साली शांतपणे बजावले की उत्तम मातीहून अधिक पीक या रीतीने येते असे नाही. तो कौल आजही आठवणीत ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे शोल्टो डग्लस याने १९४६ पासून कालिंपाँग येथे खडी-वाळूच्या वाफ्यांवर स्वस्तातली बंगाली पद्धत सिद्ध केली.

दरम्यान खुद्द नळाचे पाणी बदलले. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात कायमचे क्लोरीन पडू लागले, आणि थोड्याच काळात शहरोशहरी तोच शिरस्ता झाला. बागवान या क्लोरीनला भितो आणि बादली रात्रभर उघडी ठेवतो. क्लोरीन त्याने उडते. क्लोरामाइन असेल तर उडत नाही. पण माझ्या मते ही भीती अस्थानी आहे. पिण्याच्या पाण्यातल्या प्रमाणाने रोप सहसा मरत नाही. खरा घात जडपणाचा. बाटलीच्या काचेवरचा तो चुना आणि त्याच्या जोडीचे क्षार द्रावणाचा आम्लपणा मोडतात, लोह मुळांना दुष्प्राप्य होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. मातीत हे सारे सोसून घेण्याची जी ताकद असते, ती नुसत्या पाण्यात कोठून यावी!

या विद्येच्या आश्रयाला अखेर गांजाचे झाड आले, तेही कायद्याने हाकलल्यामुळे. इंग्रजी अमलात ते उघड्या शेतात, अबकारी खात्याच्या परवान्याने पिके. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात, बंगालमध्ये राजशाहीतल्या नौगाव परगण्यात, जेथे ‘पोद्दार’ म्हणून ओळखला जाणारा जाणकार शेतातून फिरून फुलण्यापूर्वीच नर झाडे उपटून टाकी. गांजाविषयीच्या १८९३-९४ च्या चौकशी आयोगाने बंदी नको, परवाना आणि कर पुरे, असाच अभिप्राय दिला होता. मादक द्रव्यांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर वारे फिरले. १९८३ पासून कॅलिफोर्नियाच्या अरण्यांवर गांजा हुडकणारी हेलिकॉप्टरे घिरट्या घालू लागली, तेव्हा चोरट्या लागवडीवाल्यांनी झाड बंद खोलीत दिव्यांखाली नेले. तेथे ना पाऊस ना नदी, उरला तो नगरपालिकेचा नळ. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी सरकारने दिवे आणि खतद्रावणे विकणाऱ्या दुकानांवर ४६ राज्यांत धाडी घातल्या, त्यात टोमॅटो लावणारा निरुपद्रवी गिऱ्हाईकही संशयित ठरला. ते मला अन्यायाचे वाटते. २०१८ मध्ये कॅनडाने हे पीक कायदेशीर केले. मोठे बागाईतदार आता नळाच्या पाण्यातले जवळजवळ सर्व क्षार आधी गाळून काढतात आणि मग हवे तेच मोजून घालतात: व्हान हेल्माँटचे पाणी, वुडवर्डची माती.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजाची विनापरवाना लागवड हा अपराध आहे. पुदिन्याला मात्र कोणाची मनाई नाही. वुडवर्डनेही तोच लावला होता. लावणाऱ्याने पालिकेकडून पाण्याच्या तपासणीचा दाखला तेवढा आधी मागून घ्यावा.