क्रांतिकारकांची थाळी

गणेशोत्सव म्हटला की मोदक आलेच. उत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्या लोकमान्यांची सुपारीची आवडही आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मात्र ज्या क्रांतिकारकांच्या तसबिरींना आपण १५ ऑगस्टला हार घालतो, त्यांना काय आवडे, ते काय खात, हे आपण क्वचितच विचारतो. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस, इतिहासाचा पंडित नव्हे. पण झाशीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला हा विषय टाळता येत नाही.

९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ ८ डाउन पॅसेंजर थांबवून सरकारी खजिना लुटण्यात आला. धरपकड सुरू झाली. चंद्रशेखर आझाद मात्र निसटले आणि झाशीला आले. मास्टर रुद्रनारायण यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. पुढे ओरछाजवळ सातार नदीकाठी ते हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने राहिले. त्यांचे इथले जिवाभावाचे साथीदार म्हणजे विश्वनाथ वैशंपायन, सदाशिवराव मलकापूरकर आणि भगवानदास माहौर. यांतील पहिले दोघे आपले मराठी! मलकापूरकर आणि माहौर १९२९ साली भुसावळ स्थानकावर शस्त्रांसह पकडले गेले. आपल्यापैकी कित्येकजण त्या फलाटावर चहा घेतात, पण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

आझादांना खिचडी फार प्रिय. फरारी माणसाला याहून सोयीचे अन्न कोणते? एक पातेले, एक चूल, आणि अचानक दोन साथीदार वाढले तरी मूठभर तांदूळ जास्त टाकला की भागते. पक्षाच्या पैशाचा हिशेब आझाद कडक ठेवीत. जेवणासाठी माणशी मोजून आणे मिळत. ब्राह्मण घरातले, शाकाहारी संस्कारातले आझाद पुढे अंडीही खाऊ लागले. साथीदारांनी थट्टा केली तेव्हा, अंडे म्हणजे फळासारखेच, असे त्यांनी सांगितल्याची आठवण आहे.

भगतसिंगांची तऱ्हा वेगळी. रसगुल्ले आणि सिनेमा या दोन गोष्टींपुढे त्यांचे काही चालत नसे. जेवणासाठी मिळालेल्या पैशांतून मित्रांसह ‘अंकल टॉम्स केबिन’ हा चित्रपट पाहिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. गुलामगिरीवरच्या चित्रपटासाठी उपाशी राहायला ही मुले तयार होती. मुलेच म्हणायची, कारण भगतसिंग फासावर गेले तेव्हा जेमतेम २३ वर्षांचे होते.

खाण्याची अशी हौस असलेल्या याच तरुणाने १५ जून १९२९ पासून तुरुंगात अन्न सोडले. भगतसिंग मियांवाली तुरुंगात होते, बटुकेश्वर दत्त लाहोरला. राजकीय कैद्यांना चांगले अन्न द्या, त्याचा दर्जा युरोपीय कैद्यांच्या अन्नाइतका ठेवा, सक्तीची मजुरी बंद करा, पुस्तके व वर्तमानपत्रे द्या, अशा मागण्या होत्या. अन्नाच्या बाबतीत त्यांनी एक खुलासा लेखी केला होता. युरोपीय कैद्यांचेच पदार्थ आम्हाला नकोत, दर्जा मात्र तोच हवा. म्हणजे मागणी जिभेसाठी नव्हती, मानासाठी होती.

लवकरच लाहोर कटाचे इतर आरोपीही उपोषणात उतरले. ते मोडण्यासाठी कोठड्यांत चांगले पदार्थ ठेवण्यात आले, पाण्याच्या मडक्यांत दूध भरण्यात आले. तहानेने व्याकूळ झालेल्या पोरांनी मडकीच फोडली! नाकातून नळी घालून बळजबरीने दूध पाजण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हा नळी घशाखाली जाऊ नये म्हणून किशोरीलाल यांनी लाल मिरची आणि कढत पाणी गिळले. जतींद्रनाथ दास यांना बळजबरीने पाजताना दूध फुप्फुसात गेले आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी, उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, त्यांनी प्राण सोडला.

त्यांचा देह लाहोरहून कलकत्त्याला रेल्वेने नेण्यात आला. सोबत दुर्गाभाभी होत्या. वाटेतल्या स्थानकांवर लोकांनी दर्शनासाठी गर्दी केली, हावड्याला सुभाषबाबू हजर होते. आम्ही रेल्वेवाले वेळापत्रकात अनेक विशेष गाड्या पाहतो, पण एवढा मान मिळवणारा प्रवासी विरळाच. पुढे १९३० मध्ये सरकारने कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. मागितले होते त्याहून ते फारच कमी होते.

भगतसिंगांची शेवटची इच्छाही जेवणाचीच सांगतात. त्यांच्या कोठडीची सफाई करणाऱ्या बोघा नावाच्या कर्मचाऱ्याला ते ‘बेबे’, म्हणजे आई, म्हणत. लहानपणी माझी घाण आईने काढली, आता तू काढतोस, मग तू आईच नाहीस का, असा त्यांचा सवाल. फाशीपूर्वी या बेबेच्या हातची भाकरी खायची असे त्यांनी ठरवले होते. परंतु २४ मार्च १९३१ च्या सकाळची फाशी सरकारने आदल्या संध्याकाळीच उरकली. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू तिघेही गेले. ती भाकरी राहूनच गेली.

आपल्या मंडळाच्या महाप्रसादाला दरवर्षी मोठी पंगत बसते. मंडपाची झाडलोट करणारी, उष्टी उचलणारी मंडळी मात्र बहुधा सर्वांत शेवटी, उरलेल्यावर बसतात. यंदा त्यांची पाने आपल्या शेजारी, पहिल्याच पंगतीत मांडूया. भगतसिंगांच्या तसबिरीला घातलेल्या हारापेक्षा ते त्यांना अधिक आवडले असते.

गणपतीबाप्पा मोरया!