बांधकाम सुरक्षा अधिकाऱ्याची व्यावसायिक नीती

बांधकामस्थळी कामगारांच्या जीविताचे रक्षण करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने पाळावयाच्या तत्त्वांना बांधकाम सुरक्षा अधिकाऱ्याची व्यावसायिक नीती असे म्हणतात. या अधिकाऱ्याला वेतन मालक किंवा कंत्राटदार देतो. त्याचे पहिले कर्तव्य मात्र कामगारांप्रति असते. या दोन निष्ठांमधील ताण हा या विषयाचा गाभा होय.

कायदेशीर आधार

इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ च्या कलम ३८ नुसार ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी असणे बंधनकारक करण्यात आले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये बांधकामासाठी ही संख्या २५० करण्यात आली. अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी विसंगत असे कोणतेही काम त्याला देऊ नये, असे १९९८ च्या केंद्रीय नियमांत नमूद आहे. १९९६ च्या अधिनियमाच्या कलम ३९ नुसार पाच किंवा अधिक मृत्यू झाल्यास सूचना मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत चौकशी करणे आवश्यक ठरत असे.

प्रमुख तत्त्वे

* प्रत्यक्ष पाहणी केल्याविना तपासणीच्या नोंदवहीवर स्वाक्षरी न करणे.
* धोका दिसताच काम थांबविण्याची लेखी सूचना देणे. मुदतीचे कारण पुढे आले तरी ती मागे न घेणे.
* अपघात अथवा थोडक्यात टळलेला अपघात न लपविणे.
* परप्रांतीय कामगारांना त्यांना समजेल अशा भाषेत धोक्याची कल्पना देणे.
* आपल्या ज्ञानापलीकडील बाबींत तज्ज्ञाचा सल्ला घेणे.

इंदापूर तालुक्यातील दुर्घटना

कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पांतर्गत नीरा व भीमा या नद्यांना जोडणाऱ्या बोगद्याचे काम इंदापूर तालुक्यात सुरू असताना, २० नोव्हेंबर २०१७ रोजी अकोले येथे कामगारांना बोगद्यातून वर आणणाऱ्या क्रेनचा तारदोर तुटून आठ कामगार मृत्युमुखी पडले. माणसांची ने-आण करणाऱ्या यंत्राची चाचणी, दोराची झीज आणि भारमर्यादा यांची नियमित तपासणी किती निर्णायक असते, हे अशा घटनांवरून स्पष्ट होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये याच तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीचे काँक्रीटचे कडे कोसळून चार कामगार मातीखाली गाडले गेले व मरण पावले.

मर्यादा

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील शेतीत विहिरींना मोठे महत्त्व आहे. विहीर खोदण्याचे व बांधण्याचे काम सहसा मोजक्या मजुरांच्या टोळीकडे असते. १९९६ चा अधिनियम दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू होत असल्याने अशी कामे बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहत आणि तेथे सुरक्षा अधिकारी नसे. कड्यांना आधार देणे, काठावर मातीचा ढीग न ठेवणे व पाऊस झाल्यावर खाली उतरण्यापूर्वी पाहणी करणे ही जबाबदारी तेथे विहीरमालक, ठेकेदार व मुकादम यांच्यावरच येते.