देवळांकडे निघालेली रेल्वे

ओसाकाच्या दक्षिणेला असलेल्या वाकायामा शहरातून एक छोटी रेल्वे पूर्वेकडे निघते आणि अवघ्या १४.३ किलोमीटरवर, चौदाव्या स्टेशनात थांबते. हे शेवटचे स्टेशन म्हणजे किशी. मांजर स्टेशन मास्तर असलेले स्टेशन म्हणून त्याची जगभर ख्याती झाली. त्या मांजरीपाशी पोहोचण्याआधी आपण शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊ, कारण या मार्गाची सुरुवात देवदर्शनापासून झाली.

१९०६ साली जपान सरकारने देशातले मुख्य रेल्वेमार्ग ताब्यात घेण्याचा कायदा केला. आडबाजूच्या गावांसाठी वाट मोकळी झाली ती १९१० च्या ‘केइबेन’ म्हणजे हलक्या रेल्वेच्या कायद्याने. अटी सैल झाल्या, परवाने सोपे झाले आणि गावोगावी छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज त्यांतल्या बहुतेकांची नावेही कुणाला आठवत नाहीत. सांदो केइबेन रेल्वे ही त्यांपैकीच एक. १५ फेब्रुवारी १९१६ रोजी तिची गाडी ओहाशीहून सांदोला धावली. वाटेत निचिझेन्गू आणि कामायामा, तर शेवटाला इदाकिसो अशी तीन पुरातन देवस्थाने होती आणि तिन्हींचे दर्शन मिळून घेण्याची त्या भागात रीत होती. यात्रेकरूंच्या पायांखालची वाटच रुळांनी उचलली म्हणा ना! इदाकिसोचा देव इताकेरू. त्याने झाडांचे बी आणून देशभर पेरले अशी कथा आहे, आणि या प्रांताचे ‘की’ हे नावही मुळात झाडांवरूनच पडले असे मानतात. किशीचा मात्र या यात्रेशी काही संबंध नव्हता. मार्ग पुढे वाढून किशीला पोहोचला तो १८ ऑगस्ट १९३३ रोजी, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या मार्गावर वीज आली. १९५७ साली कंपनीचे विलीनीकरण झाले आणि १९६१ मध्ये हा मार्ग नानकाई या मोठ्या कंपनीकडे गेला. मग मोटारी वाढल्या आणि डबे रिकामे होत गेले. तोटा वर्षाला सुमारे पन्नास कोटी येनांवर पोहोचला, तेव्हा २००४ मध्ये नानकाईने मार्ग सोडण्याचा निर्णय जाहीर केला. या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथून सुरू होतो. गावकऱ्यांनी रेल्वे वाचवण्यासाठी मंडळ काढले, सभासद वर्गणी ठेवली आणि सभासदांची संख्या सहा हजारांवर नेली. रुळांखालची जमीन स्थानिक पालिकांनी प्रांताच्या मदतीने विकत घेतली आणि मार्ग चालवायला कंपनी हवी म्हणून जाहीर आवाहन केले. ओकायामाची ट्राम चालवणारी कंपनी पुढे आली आणि १ एप्रिल २००६ पासून तिच्या नव्या वाकायामा कंपनीच्या गाड्या सुरू झाल्या. काटकसर म्हणून किशीला नोकरवर्ग उरला नाही.

तामा ही पांढरी, काळी, तांबूस अशी तिरंगी मांजरी शेजारच्या दुकानदारांची. तिचे खोपटे होते ती जागा या हस्तांतरात रिकामी करावी लागणार होती, म्हणून तिला स्टेशनात राहू द्यावे अशी विनंती नव्या कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबू कोजिमा यांना करण्यात आली. त्यांनी तिला आसरा तर दिलाच, वर ५ जानेवारी २००७ रोजी स्टेशन मास्तर म्हणून रीतसर नेमले. पगार म्हणून तिला मांजरांचे खाणे मिळे. एवढ्याशा डोक्याच्या मापाची टोपी बनवायलाच कित्येक महिने लागले होते. त्या टोपीखालचा शांत चेहरा पाहायला दूरदूरहून माणसे येऊ लागली. २०१० मध्ये एइजी मितोओका यांनी स्टेशनाची नवी इमारत मांजरीच्या चेहऱ्यासारखी घडवली. छपराला दोन कान, खाली डोळ्यांसारख्या खिडक्या. पण ते छप्पर शाकारले आहे देवळांच्या जुन्या पद्धतीने, हिनोकी झाडाच्या सालींनी. झाडे पेरणाऱ्या देवाच्या वाटेवर हे छप्पर किती शोभते!

२२ जून २०१५ रोजी तामा गेली. सहा दिवसांनी स्टेशनावरच शिंतो विधींनी तिचा अंत्यसंस्कार झाला आणि तिला ‘तामा दाइम्योजिन’ असे देवपद देण्यात आले. तिची जागा नितामाने, म्हणजे दुसऱ्या तामाने घेतली. फलाटावर आता एक छोटेसे देऊळ आहे. गाडीतून उतरलेली माणसे आधी तिकडे वळतात, हात जोडतात, आणि मग स्टेशनाबाहेर पडतात.