पाणी, ऑइल आणि भंडाऱ्याचा हमरस्ता

मुंबई-कोलकाता महामार्ग भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडतो आणि लाखनी, साकोलीवरून छत्तीसगडकडे जातो. या रस्त्यालगतच्या गॅरेजात माझी उमर गेली. सेल मारण्याआधी पाणी-ऑइल बघायचं, हा इथला जुना शिरस्ता. तो कसकसा बदलला, हे माझ्या हातांना ठाऊक आहे.

मी शिकाऊ होतो तेव्हा रस्त्यावर अँबॅसिडर, जीप आणि टाटाचे ट्रक. रेडिएटर तांब्या-पितळेचे, त्यांत विहिरीचं नाहीतर हातपंपाचं पाणी. पहाटे बोनेट उघडून पाणी भरणं हे क्लिनरचं पहिलं काम. नवतपात पारा 45 अंशांपुढे जाई, तेव्हा ढाब्यापाशी वाफ सोडत उभी असलेली एखादी गाडी हमखास दिसे. पाण्यातले क्षार नळ्यांत साचत, गंज धरे, नळ्या बुजत. गळती लागली की रेडिएटर उतरवून झाळायचा. भंडारा पितळी भांड्यांचं शहर; धातूची नस ओळखणारी माणसं इथे होती.

पुढे अॅल्युमिनियमचे रेडिएटर आले आणि साध्या पाण्याचे दिवस सरले; त्याच्या जागी कूलंट आलं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल थंड देशांत 1920च्या दशकात वापरात आलं, ते पाणी गोठू नये म्हणून. ‘आपल्याकडं कुठं बर्फ पडते, मेस्त्री?’ असं गिऱ्हाईक विचारी. मी सांगे, तेच रसायन पाणी लवकर उकळू देत नाही, आणि त्यात मिसळलेली द्रव्यं गंज रोखतात. विदर्भाच्या उन्हाला हे दोन्ही हवं.

गिअरबॉक्सशी तर जिल्ह्याचं खास नातं. 1982 साली गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना उभा राहिला. तिथे अवजड गाड्यांचे गिअरबॉक्स बनतात. साध्या गिअरबॉक्सची तपासणी सोपी: बाजूचा बोल्ट काढायचा, बोट घालायचं, ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं की पुरे. आता गावोगावी ऑटोमॅटिक गाड्या आल्या. जनरल मोटर्सने अमेरिकेत 1939 साली असा गिअरबॉक्स बाजारात आणला, तेव्हापासून या ऑइलचं काम वाढलं. ते दातऱ्यांना वंगण देतं, शिवाय स्वतःच्या दाबाने गिअर बदलतं आणि इंजिनाची ताकद पुढे पोचवतं. म्हणून त्यात दुसऱ्या जातीचं ऑइल चालत नाही. ऑइल मोजायची पट्टी असेल तर बहुतेक गाड्यांत ते इंजिन गरम आणि चालू ठेवून, सपाट जागी बघतात. पुष्कळ नव्या गाड्यांना पट्टीच नसते. तिथे कंपनीचं पुस्तक सांगेल तसंच करावं.

गाड्या सुधारल्या आणि मालकांनी बोनेट उघडणं सोडलं, याची मला खरी काळजी वाटते. डॅशबोर्डवरचा दिवा लागेपर्यंत कित्येकदा हेड वाकलेलं असतं. तेव्हा माझं एवढं ऐका. सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीवरच्या दोन खुणांमध्ये कूलंट आहे का ते बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. पातळी पुन्हापुन्हा उतरत असेल तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री आणि गुरं ते पितात. क्लिनर आता राहिला नाही. त्याचं काम मालकानेच केलं पाहिजे.