अविभाज्य अवजड भारांची वाहतूक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विशेष संदर्भ : वाशीम जिल्हा)

वाशीमचा इतिहास वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेपासून सांगितला जातो. ओझे वाहणाऱ्यांचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. वस्तुतः मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे ज्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, तो समाज शतकानुशतके वाहतुकीवर जगला. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य वाहणाऱ्या १४,००० बैलांच्या तांड्याची नोंद केली आहे. भार अफाट असला तरी तो गोणीगोणीने विभागता येत असे.

तोफेचे तसे नाही. त्याच १६३२ साली सुमारे ५५ टनांची मुलुखमैदान तोफ परांड्याहून विजापूरला नेण्यात आली. तिला १० हत्ती व ४०० बैल जुंपले होते, अशी परंपरा आहे.

आधुनिक बहुअक्षीय ट्रेलरमध्ये वस्तू अखंड राहते, भार मात्र चाकांवर विभागला जातो. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालेले ७० टनी ऑटोक्लेव्ह ७४ चाकांच्या वाहनावरून जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोहोचले. यंत्रापुरते पाहिले तर प्रत्येक चाकावर टनाहूनही कमी वजन! तरीही सुमारे १,७०० कि.मी. अंतरास वर्ष लागले. वाटेतील झाडे, वीजतारा, अरुंद रस्ते आणि टाळेबंदी यांनी वाहन अडविले. सोबतच्या बत्तीस जणांनी ते पुढे नेले.

तांड्यांना मात्र नव्या वाहतुकीत स्थान मिळाले नाही. रेल्वे व पक्क्या सडका येताच बंजाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय बुडाला. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक बंजारा कुटुंबे आज ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात.