लोकल फंडाचा आणा

सरकार शाळेला पैसे देतं, असं आपण सहज बोलतो. पण सरकारकडे ते येतात कुठून? मुंबई इलाख्यात 1860 नंतरच्या काही वर्षांत शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली. 1869 च्या कायद्याने ती पक्की झाली. तिला लोकल फंड म्हणत. त्यातला तिसरा हिस्सा शाळांचा. म्हणजे खाडीला बांध घालून खारी जमीन पिकवणारा आमचा आगरी शेतकरी स्वतः अंगठा उठवायचा, पण शाळेसाठी आणा मोजायचा.

त्या आण्याचं पुढं काय होतं, हे विचारणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले. 1882 साली हंटर कमिशनपुढं त्यांनी लेखी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शाळांनाच द्या, असंही मागितलं. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. डिप्टी वर्षातून एकदा येतो, त्याने काही होत नाही. तीन महिन्यांनी तरी तपासणी करा, आणि मधून मधून न कळवता जा, असं ते म्हणाले. नुसता पैसा वाढवून भागत नाही, त्याच्यावर नजर हवी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

'न कळवता' या शब्दाचं मोल आमच्या पिढीला कळतं. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, तरी साहेब येणार ही बातमी साहेबाच्या आधी गावात यायची. शाळा सारवली जायची, आम्ही धुतलेले कपडे घालायचो, पाठ केलेली कविता एका सुरात म्हणायचो. साहेब खूश होऊन जायचे. दुसऱ्या दिवशी अर्धी पोरं पुन्हा मिठागरावर नाहीतर खाडीत.

पुढं 2011 च्या ऑक्टोबरात सगळ्या महाराष्ट्रात एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली, जशी मतदानाला लावतात. कागदावरची लाखो पोरं वर्गात सापडलीच नाहीत. पटावर शिक्षक मिळतात, अनुदान मिळतं, तांदूळ मिळतो. म्हणून पट फुगतो. जोतीरावांनी सांगून सव्वाशेवर वर्षं झाली होती.

खरी नजर ठेवायची सोय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने केली आहे. सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश आईबाप, निम्म्या बायका. आलेलं अनुदान कसं खर्च झालं ते बघणं हे त्यांचं कामच आहे.

आता तुर्भ्याचं बघा. 1970 पासून नवी मुंबईसाठी 95 गावांची जमीन घेतली, त्यात आमचीही गेली. 1992 ला महानगरपालिका आली. आज इथल्या पालिकेच्या शाळांत बसतात ती बरीचशी बाजार समितीत हमाली करणाऱ्यांची, कारखान्यात राबणाऱ्यांची लेकरं. हे लोक सातबारावाले नाहीत, म्हणून फुकटे नाहीत. 2004 साली केंद्राने करांवर 2 टक्के शिक्षण उपकर बसवला, तो कारखान्याच्या मालावरही होता. साबण घेणाऱ्याच्या खिशातून तो जायचाच. आमच्या आजोबांचा आणा, तसा यांचा हा.

पण दिवसा बैठक ठेवली तर रोजावर जाणारी आई येणार कशी? एका दिवसाची मजुरी बुडवून? आणि आली तरी इंग्रजी आकड्यांच्या कागदावर सही करण्यापलीकडं तिला काय कळणार? मी दहावी शिकलेला, मलाही खर्चाचा तो तक्ता दोनदा वाचावा लागतो. म्हणून बैठक संध्याकाळी घ्या. किती आले, कशावर गेले, किती उरले, हे मोठ्यानं वाचून दाखवा आणि फळ्यावर लिहा. याला जादा अनुदान लागत नाही. आणि ती आई तर रोज शाळेच्या दारात येतेच, न कळवता.