दाभोळ : उरलेले तास

गुहागरच्या अंजनवेलहून निघालेली 400 केव्हीची वाहिनी रोहा तालुक्यातल्या नागोठण्याच्या उपकेंद्रात उतरते. या वाहिनीच्या मुळाशी असलेला दाभोळ वीज प्रकल्प 29 मे 2001 रोजी बंद पडला. त्या दिवसापासून मागे मोजलेला हा घटनाक्रम.

78,360 तास आधी (20 जून 1992)
राज्यात वीजटंचाई. निविदा न मागवताच राज्य वीज मंडळाचा एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार.

70,824 तास आधी (30 एप्रिल 1993)
प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे कळवून जागतिक बँकेने कर्ज नाकारले. कोणी थांबले नाही.

65,496 तास आधी (8 डिसेंबर 1993)
वीजखरेदी करार. वीज घ्या वा घेऊ नका, स्थिर आकार भरायचाच आणि तोही डॉलरशी बांधलेला. ज्यांनी बिल भरायचे, त्यांच्यापासूनच करार गुप्त.

51,024 तास आधी (3 ऑगस्ट 1995)
युती सरकारने प्रकल्प रद्द केला. त्याच वर्षी कंपनीच्या लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले होते की, भारतीयांच्या 'शिक्षणावर' आणि प्रकल्पाच्या तयारीवर सुमारे 2 कोटी डॉलर खर्च झाले. काही महिन्यांत वाटाघाटी होऊन प्रकल्प परतला. 1996 मध्ये 13 दिवसांच्या केंद्र सरकारने प्रतिहमीवर, म्हणजे राज्याने पैसे न दिल्यास केंद्राने देण्याच्या हमीवर, शिक्कामोर्तब केले.

2,904 तास आधी (28 जानेवारी 2001)
मंडळाने पूर्ण क्षमतेने वीज मागितली. करारानुसार 3 तासांत ती मिळायला हवी होती, मिळाली नाही. मंडळाने 401 कोटींचा दंड लावला.

240 तास आधी (19 मे)
करार संपवण्याची कंपनीची प्राथमिक नोटीस.

144 तास आधी (23 मे)
मंडळाने करार रद्द केला.

शून्य (29 मे 2001)
मंडळाने वीज घेणे थांबवले. 740 मेगावॉटचा संच बंद.

2 डिसेंबरला एन्रॉन दिवाळखोरीत गेली. पुढची सुमारे 5 वर्षे दाभोळची यंत्रे थंड पडून होती आणि राज्य भारनियमनात होरपळत होते.

वीजदर ठरवणारा राज्य वीज नियामक आयोग ऑगस्ट 1999 मध्ये आला. तोवर दाभोळच्या करारावर सह्या होऊन वीजनिर्मितीही सुरू झाली होती. आज दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. हरकत घेण्याचा हा हक्क फार मोठी किंमत मोजून मिळाला आहे. पेण-रोह्याच्या ग्राहकांनो, पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा तो वाचा आणि आपली हरकत मुदतीत नोंदवा.